सायबिणीची पेटी आणि ओलांडलेलं घर

मी सायबीण नव्हे, हे आधीच सांगून टाकते. लोक माझ्यापुढे मेणबत्त्या लावतात, डोळे मिटतात, कधी रडतात. ते माझ्यासाठी नसतं. माझ्या पोटात जी मूर्ती उभी आहे, तिच्यासाठी असतं. येशूच्या आईला आमच्याकडे सायबीण म्हणतात. मी नुसती तिची पेटी. फणसाचं लाकूड, तीन बाजूंना काच, पाठीला फळी, पुढे एक दार आणि त्याला पितळेची कडी.

पण मला बोलायचं आहे. परवा एका माणसानं मला भर रस्त्यात हिसकावून घेतलं. तेव्हापासून वाड्यात जो तो आपापलं सांगतो आहे. कुणी म्हणतं तो प्यायला होता, कुणी म्हणतं त्याच्या अंगात आलं होतं. त्याच्या हातात मी होते. तेव्हा मी सांगते.

माझा जन्म इब्रामपूरचा. मला घडवलं रामचंद्र मेस्तानं, म्हणजे सुतारानं. त्याच्याकडे देव्हारे, पाट, दरवाजे असली कामं यायची. आमच्या वाड्याची जुनी पेटी वाळवीनं खाल्ली, म्हणून चार माणसं मूर्तीचं माप घेऊन त्याच्याकडे गेली.

"आत कोण बसतली?" त्यानं विचारलं.

"आमची सायबीण."

"मग थांबा, पाय धुवन येतंय," म्हणाला, आणि खरंच पाय धुऊन आला आणि मग लाकडाला हात लावला.

माप देणाऱ्यांनी मूर्तीचा मुकुट धरलाच नव्हता. पेटी तयार झाल्यावर मूर्ती आत जाईना. रामचंद्रानं छप्पर काढलं आणि वर उंच निमुळतं केलं, देवळाच्या शिखरासारखं. तेव्हाचा म्हातारा पाद्री माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"रामचंद्रा, ही पेटी की देऊळ?"

"पाद्र, माका एवढाच येता."

पाद्री हसला आणि मला तशीच स्वीकारली. अजून नवा माणूस आला की आधी माझ्या छपराकडे बघतो.

पेडणे तालुक्यातल्या आमच्या खुरसावाड्यावर तेवीस ख्रिस्ती घरं आहेत आणि मधोमध एक कोपेल, म्हणजे लहानसं चर्च. पाद्री रविवारी सकाळी मोठ्या चर्चमधून स्कूटरवर येतो, मिस्सा म्हणजे चर्चची उपासना करतो, चहा पितो आणि पुढच्या गावी जातो. बाकीचे सहा दिवस वाडा आपलं आपण बघतो. कोण आजारी आहे, कुणाकडे भांडण झालं, कोपेलातली फुलं कोण बदलणार, सगळं.

ऑक्टोबर लागला की मी कोपेलातून बाहेर पडते. एका घरी एक दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच घरातली माणसं मला उचलून पुढच्या घरी पोचवतात. मागून सगळा वाडा गात येतो. मला वाटेत जमिनीवर टेकवायचं नाही. उंबरठ्यावर हातातून हातात द्यायचं. मग तेर्स, म्हणजे माळ हातात घेऊन करायची प्रार्थना. ती त्या घरच्या मोठ्यानं सांगायची असते. मग गाणी. आणि शेवटी खोबरं घालून उकडलेले चणे. मुलं त्या चण्यांसाठी येतात. मोठेही त्याचसाठी येतात, फक्त बोलत नाहीत.

तीस वर्षांत मी माणसांची घरं आतून पाहिली. मला नेहमी सर्वांत चांगली जागा मिळते, ती बहुतेक टीव्हीच्या शेजारी असते. टीव्हीवर त्या दिवसापुरता पांढरा कपडा टाकतात. एका घरात नवराबायको महिनाभर बोलत नव्हती, ती माझ्यासमोर गुडघे टेकून एकाच माळेवर प्रार्थना म्हणत होती आणि चणे वाटताना पुन्हा भांडली. हे सगळं मला आवडतं.

तेवीसातली सात घरं आता बंद असतात. माणसं लंडनला, नाहीतर आखातात. बंद घरापुढे आम्ही फाटकाशी उभे राहतो, सगळे माना खाली घालतात, एक छोटी प्रार्थना हळू आवाजात होते, आणि पुढच्या घरी. कुणी ठरवलेलं नाही, होत आलं. बंद घराशी आणखी काय करणार?

आता नवव्या घराचं सांगते.

नववं घर फिलूमायचं. तिला दोन मुलगे. थोरला बेन्तू, त्याच्याहून सात वर्षांनी लहान इनास. दोघंही पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारे. आमच्या वाड्यातले माड त्यांच्याकडे, शेजारच्या हिंदू वाड्यातलेही त्यांच्याकडेच. इनासनं सहावीत शाळा सोडली आणि भावाच्या मागून माडावर चढला. अजून तो बोट ठेवून वाचतो. पण माडावर तो असा चढायचा की खालचे लोक बोलणं थांबवून बघायचे.

बेन्तू त्या घरी तेर्स सांगायचा. इतकी भरभर सांगायचा की माळेचे मणी मागे राहायचे. आठव्या घरचे पास्कू तियू वाड्याचे प्रमुख, सगळे त्यांना तियू म्हणजे काका म्हणतात. ते दर वर्षी ओरडायचे, "बेन्तू, सायबीण पळान जाणा नाय रे!"

"तियू, सायबीण रवतली. चणे थंड जातले."

सगळे हसायचे. इनास सर्वांत मोठ्यानं.

फेब्रुवारीत बेन्तू पडला.

हे वाक्य मला एका दमात सांगता येत नाही, तरी सांगितलं. कोपेलाचं फेस्त, म्हणजे वर्षाचा सण, जवळ आलं होतं. आवारातले माड त्याआधी पाडून घेतात, नाहीतर गर्दीत कुणाच्या डोक्यावर नारळ यायचा. मी कोपेलात बाजूच्या टेबलावर होते. नारळ पडला की कसा आवाज होतो ते मला माहीत आहे. तो आवाज नारळाचा नव्हता.

पुरण्याच्या दिवशी सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. इनासनं टाकली नाही. तो पाद्र्यासमोर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "तुमच्या माडार चढलेलो तो! तुमच्या!" पाद्री मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर दर रविवारी मिस्सा झाल्यावर पाद्री त्यांच्या पडवीत दहा मिनिटं बसून यायचा. इनास आत निघून जायचा. पाद्री तरी बसायचा.

इनास कोपेलात यायचा बंद झाला. माडावर चढायचा बंद झाला. घरात भावाचं नाव कुणी काढलं की उठून जायचा, म्हणून फिलूमायनं नाव काढणं सोडलं. एकदा पास्कू तियूंना त्यानं फाटकाशीच अडवून सांगितलं, "ऑक्टोबरात ती पेटी आमच्या दारात हाडू नकात. हाडल्यात तर बांयत टाकतलंय." त्यांच्या अंगणातच बांय आहे, म्हणजे विहीर. हलकीशी धमकी नव्हती ती.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मिस्सा झाल्यावर माणसं कोपेलात थांबली. पास्कू तियूंनी इनासचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

पाद्री हेल्मेट हातात घेऊन म्हणाला, "जाऊन विचारा. फिलूमायला विचारा." आणि त्याला पुढच्या गावी मिस्सा होती, तो गेला.

दहाव्या घरची रेमेदीन आंटी म्हणाली, "विचारान जखम कित्याक उघडची?"

"दुखवट्याचं घर," दुसरं कुणी म्हणालं. "वर्षभर गाणं नाही, गोडधोड नाही. त्या बाईला चणे शिजवायला लावायचे?"

सगळ्यांना ते पटलं. कुणीही वाईट मनानं बोललं नाही, हे मी शपथेवर सांगते. ठरलं असं की नवव्या घराच्या फाटकाशी थांबायचं, हळू आवाजात एक प्रार्थना म्हणायची आणि सरळ दहाव्या घरी जायचं. फिलूमायला त्रास नको.

हे आपण बंद घरांशी करतो, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण मी पेटी.

परवाची संध्याकाळ. पास्कू तियूंनी मला आपल्या घरातून उचललं. मागे पंधरा-वीस माणसं, हातात मेणबत्त्या. नवव्या घराशी आल्यावर गाणं थांबलं. फाटकाशी सगळे उभे राहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मला मान नाही. मी काचेतून समोर बघत होते.

पुढच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत मेजावर पांढराशुभ्र कपडा घातलेला. त्यावर दोन मेणबत्त्या, न पेटवलेल्या. मेजाशेजारी फिलूमाय काळ्या कपड्यांत, केस विंचरून, माळ हातात घेऊन बसली होती. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिनं फक्त मेज मांडलं होतं.

आणि पडवीत इनास बसला होता. त्यानं ते मेज सकाळपासून पाहिलं असणार. त्यावरून तो आईशी भांडला असेल, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. दाराशी आलो की आम्हाला हाकलायचं, या तयारीनंच तो बसला होता.

प्रार्थना संपली. पास्कू तियू वळले आणि पुढे चालू लागले.

"ओ तियू!" पडवीतून आवाज आला. "खंय चल्ल्यात?"

"रेमेदीनकडे, पुता."

"आणि ह्या काय? ह्या घर नाय?"

"तूच सांगितलंलंस. बांयत टाकतलंय म्हणालंलंस."

इनास फाटक ढकलून बाहेर आला. "सांगितलंय! मी रोज कायबाय सांगतंय. माझा आजपर्यंत कोणी आयकला? आणि ह्याच तेवढा आयकूचा होता?"

"बाबा, दुखवट्याचा घर रे," रेमेदीन आंटी मागून म्हणाली. "तुमका त्रास नको म्हणान."

"बंद घराक करतात तसा केल्यात!" त्याचा आवाज फाटला. "उभे रवल्यात, पुटपुटल्यात, चल्ल्यात. आमी काय लंडनाक गेलो? बेन्तू गेलो. आमी हंयच असंव! माझी आवय आत बसलीसा, तुमका दिसली नाय?"

आठ महिन्यांत भावाचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. ते ऐकून तोच दचकला. आणि मग त्यानं मला पास्कू तियूंच्या हातातून ओढलं.

कुणाच्या तरी हातातली मेणबत्ती विझली. माझी कडी सुटली, दार उघडलं, मूर्ती पुढे कलली. तिला त्यानं छातीनं अडवलं आणि मला घट्ट धरून अंगणात धावत सुटला. समोर विहीर.

"बांय! बांय!" रेमेदीन आंटी किंचाळली. "धरा रे तेका!"

त्याचं काळीज माझ्या काचेवर धडधडत होतं. मला वाटलं, संपलं. लाकूड तरंगतं, पण काच आणि मूर्ती बुडते. विहिरीचा कठडा आला. तो त्याच्या बाजूनं गेला, पडवीच्या पायऱ्या एका उडीत चढला, आत आला आणि मला त्या पांढऱ्या कपड्यावर ठेवलं. वाकडं ठेवलं. फिलूमायनं उठून मला सरळ केलं, मूर्ती सरळ केली, कडी लावली. मग दाराशी जाऊन, जणू काहीच झालं नाही अशा आवाजात, म्हणाली, "भायर कित्याक उभे रवल्यात? येवात."

सगळे आत आले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पास्कू तियूंनी खिशातून प्रार्थनेचं पुस्तक काढलं.

"हाडा हंय," इनास म्हणाला. "आमच्या घरात आमीच सांगतंव."

तो मेजासमोर गुडघ्यावर बसला आणि पुस्तकावर बोट ठेवून तेर्स सांगू लागला. एकेक शब्द जोडत. कुठे ओळ चुकायची, कुठे एकच प्रार्थना दोनदा व्हायची. बेन्तूच्या अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. मुलांचे पाय दुखले, म्हाताऱ्यांचे गुडघे कुरकुरले. कुणी त्याला सुधारलं नाही. तो अडला की सगळे थांबायचे आणि तो शब्द सापडला की सगळे एकदम उत्तर द्यायचे. मी पुष्कळ तेर्स ऐकल्या आहेत. इतकी सांभाळून म्हटलेली ऐकली नव्हती.

शेवटचं आमेन झालं. आता चण्यांची वेळ. पण या घरात चणे कुठले? फिलूमायनं मेज मांडलं होतं, पण कुणी येईल याची तिलाही खात्री नव्हती. ती पदर चाचपत उभी राहिली.

रेमेदीन आंटी मध्येच उठून गेली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता ती दारातून आत आली, कमरेवर मोठं पातेलं.

"दोन किलो चणे भिजयलेले," ती म्हणाली. "आज माझ्याकडे सायबीण येतली म्हणान. सायबीण हंय रवली. ते मी एकटी खावं? फिलू, ताटल्यो काढ. आणि इनासा, तू उद्या माका चणे हाडून दितलंस. समाजला?"

"दितंय," इनास म्हणाला.

"भिजवन दी."

"भिजवन दितंय गे आंटी."

कुणीतरी हसलं. मग हसू बंद झालं, दुखवट्याचं घर होतं. पण ताटल्या फिरल्या. इनास ताटली मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले आणि चावायचं थांबला.

"त्या दिवशी माझी पाळी होती," तो म्हणाला.

तो ताटलीतले चणे बोटानं ढकलू लागला.

"कोपेलाचे माड माझ्या वाट्याक होते. तेणी उठयला माका. दोनदा उठयला. मी म्हटला, माका झोप येता, तूच चढ." "तूच चढ म्हटला मी तेका. तोंडावर पांघरूण घेतला. तेचा तोंडसुद्धा बघला नाय."

मोठा माणूस रडतो तेव्हा घरातले लोक इकडेतिकडे बघतात. त्या दिवशी सगळे त्याच्याकडेच बघत राहिले. पास्कू तियूंनी त्याच्या मांडीवरची ताटली उचलून बाजूला ठेवली.

फिलूमाय मेजापाशी उभी होती. तिनं माझ्या छपरावर हात ठेवला, बहुधा आधाराला.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

इनासनं वर बघितलं.

"मी चुलीकडे होतंय. तो दोरी घेवन भायर पडलो. मी म्हटलंय, इनासाक उठय, आज तेची पाळी. तो हसलो." "म्हणालो, झोपू दी गे तेका. तो चढलो तर अर्धे कवळे नारळच पाडतलो, मगे पास्कू तियू फेस्ताच्या दिसा सगळ्यांसमोर माका फुलां घालतलो."

पास्कू तियूंनी तोंडावर हात धरला. शिव्यांना फुलं म्हणायची बेन्तूची सवय साऱ्या वाड्याला माहीत होती.

"रागान गेलो नाय?" इनासनं विचारलं.

"चाय पिऊन गेलो. दोन पाव खाल्ले."

"मगे माका सांगलंस नाय कित्याक?"

"तू नाव काढू दी होतंस?"

इनासनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि एकदम म्हणाला, "कवळे मी फक्त एकदाच पाडलेले. आणि तेवासून बेन्तू सगळ्यांक सांगत फिरलो!"

आता कुणालाच हसू आवरलं नाही. पास्कू तियू तर पोट धरून हसले. दुखवट्याचं घर होतं, आठ महिने झाले होते, आणि त्या खोलीत माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती आणि चणे मागून घेत होती. दोन किलोचं पातेलं रिकामं झालं. शेजारच्या हिंदू वाड्यातली शेवंता कुंपणाशी येऊन उभी होती, तिलाही कुणीतरी वाटीभर नेऊन दिले.

माणसं गेल्यावर फिलूमाय पहिल्यांदा पाठ टेकून खुर्चीत बसली. इनास माझ्यासमोर जमिनीवरच आडवा झाला आणि नऊ वाजायच्या आत झोपला. आईनं त्याला उठवलं नाही. पांघरूण घातलं.

काल संध्याकाळी मला पुढे न्यायची वेळ झाली. इनासनं दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. भिजवलेल्या चण्यांची पिशवी त्यानं दुपारीच पोचवली होती. मला त्यानं एकट्यानं उचललं. मागून वाडा गात होता, फिलूमाय गात नव्हती, ओठ हलवत होती.

दहाव्या घराच्या उंबरठ्यावर रेमेदीन आंटीनं हात पुढे केले. इनासनं मला तिच्या हातावर ठेवलं. पण त्याची बोटं सुटेनात. माझ्या तळाला ती अशी घट्ट बसली होती, जशी माडाला बसतात. गाणं संपलं तरी तो तसाच उभा.

"सोड रे पुता," आंटी म्हणाली. "धरलीसा मी."

"पडतली."

"नाय पडा. सोड."

त्यानं एकेक बोट काढलं. मग मोकळे हात दोन्ही बाजूंना सोडून तो उंबरठ्याच्या बाहेर उभा राहिला आणि मोठ्यानं श्वास टाकला. मी तो ऐकला.

आज मी रेमेदीन आंटीच्या घरी टीव्हीशेजारी बसले आहे. माझी कडी सैल झाली आहे, एका काचेला कोपऱ्यात बारीक तडा गेला आहे. पास्कू तियू म्हणाले, काच बदलूया. आंटी म्हणाली, फेस्तानंतर बघू. रामचंद्र मेस्त आता नाही, त्याचा मुलगा आहे, तो करील. मला घाई नाही. त्या तड्याचं मला दुःखही नाही. तो विहिरीत पडण्यापेक्षा पुष्कळ बरा.

वाड्यातल्या माणसांनो, मला पाय नाहीत. तुम्ही न्याल तिथेच मी जाते. तेव्हा एवढंच मागते: दुःख असलेलं घर दुरून ओळखून, माना खाली घालून, पुढे जाऊ नका. मान वर करून आत बघा. फाटक ढकला, नाव घेऊन हाक मारा. आतून शिव्या आल्या तरी घाबरू नका. शिव्या आल्या म्हणजे घरात माणूस आहे.